खोडाला लावलेला कान

"श्श... बोलू नका," म्हणत ते एक हात वर करायचे, डोळे मिटायचे आणि खजुराच्या खोडाला कान लावून उभे राहायचे. आपण चहाचा ट्रे हातात घेऊन तसंच ताटकळायचं. बऱ्याच वेळाने कान काढून म्हणायचे, "आज तरी काय नाय. पण काय भरवसा?"

तुमच्याही शेजारात असं कोणीतरी असेल, ज्याचं प्रत्येक बोलणं काळजीपाशी येऊन थांबतं. आमच्या रियाधच्या कंपाउंडात ते भाई होते. लहानमोठे सगळे त्यांना भाईच म्हणत. मूळचे दापोलीकडचे कोकणी मुसलमान, शहरातल्या ओलाया भागात एका टॉवरमध्ये कंपनीचे हिशेब सांभाळायचे. त्यांच्या आणि आमच्या घरांमध्ये मातीचा एक पट्टा होता आणि त्यात खजुराचं एक उंच झाड. मी नाशिकची. रिकामी माती दिसली की माझे हात शिवशिवतात. तिथून आमची भागीदारी सुरू झाली.

भाई ऐकायचे ते सोंड्या भुंग्याच्या अळीला. ही अळी खोड आतून पोखरत जाते आणि वर झावळ्या हिरव्याच राहतात. कान लावला तर तिचं कुरतडणं ऐकू येतं, असं भाईंचं म्हणणं. लहानपणी त्यांच्या वाडीतला एक माड असाच गोठ्यावर पडला होता. "वारा नव्हता वो वहिनी. पान हालत नव्हतं. हिरवागार माड, उभ्या उभ्या मोडला." गोठ्यात त्यांची म्हैस होती. एवढं सांगून ते विषय बदलायचे.

भाई कशाला भ्यायचे याला काही धरबंद नव्हता. पाइपाचं पाणी वाहून फुटपाथवर गेलं की दंड होईल म्हणून धावत जाऊन स्वतःच्या टॉवेलाने पुसायचे. गाडी इतकी हळू चालवायचे की मागचे हॉर्न मारून दमायचे. साहेबांचा व्हॉइस मेसेज आला तर खुर्चीतून उठून, उभं राहून ऐकायचे. त्यांची मुलगी कपाळावर हात मारायची, "पप्पा, ही कान्ट सी यू!" भाई म्हणायचे, "असू दे. काय भरवसा?" आम्ही पोट धरून हसायचो. तेही हसायचे, पण मेसेज संपल्यावर.

ऑक्टोबर आला की मात्र हाच माणूस खुलायचा. आपल्याकडे तेव्हा उन्हाने जीव नकोसा होतो. इथे तेव्हाच ऊन जरा माणसात येतं. चार-पाच महिने एसीत कोंडून घेतलेले आम्ही शुक्रवारी सकाळी बाहेर पडायचो. उन्हाळ्यात मेलेली झाडं उपटायची, करपलेली बोगनवेल छाटायची, फावड्याने माती उलटीपालटी करून बकरीचं खत मिसळायचं, जळक्या हिरवळीवर नवं बी फेकायचं. बत्ह्याच्या बाजारातून मेथी, मुळा, लाल माठ यांचं बी यायचं. मला दिवाळीसाठी झेंडू हवा असायचा आणि भाई एकेका वाफ्यासाठी भांडायचे. "झेंडू काय खाणार तुम्ही वहिनी?" शेवटी झेंडू लागायचाच, तोही त्यांच्याच हातचा. त्यांची बायको, आमच्या भाभी, दारात बसून पेरायचे धणे रगडायच्या. घराबाहेर बसून गरम चहा पिता येतो, याचा आनंद आम्हाला दरवर्षी नव्याने व्हायचा.

खजुराच्या वाळलेल्या झावळ्या काढायचा दिवस तर सोहळाच. काठीला कोयता बांधून भाई खाली उभे, आणि डोक्यावर मुलीचं लहानपणचं गुलाबी हेल्मेट. ते टाळूवरच बसायचं. कंपाउंडातली सगळी मंडळी फोटो काढायला यायची. प्रत्येक झावळी पडली की भाई उडी मारून मागे सरायचे आणि मग खोडापाशी जाऊन कान लावायचे.

गेल्या ऑक्टोबरात वाफे खणताना भाई मध्येच थांबले. फावडं बाजूला ठेवून कठड्यावर बसले. हवेत गारवा होता तरी कपाळावर घाम. डावा हात छातीवर.

"गॅस," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"आहे आपला. जिना चढलो की येतो."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. भाई एकदम उभे राहिले, आजूबाजूला कोणी आहे का पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "नाय वहिनी. विम्यावर दाखवलं की कागद ऑफिसात जातो. ऑफिसातनं कफीलाकडे. आजारी माणसाचा इकामा कोण रिन्यू करणार? खलास. पोरीची बारावी हाय. मार्चमध्ये परीक्षा. शाळा मध्येच सोडून गावी नेऊ का तिला? एवढा मार्च जाऊ दे." इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना आणि कफील म्हणजे तो ज्याच्या हातात असतो तो मालक. या दोन शब्दांनी आमच्यापैकी कितीजणांची झोप उडवली आहे, ते विचारू नका. कागद खरंच तसा फिरतो का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळेच ऐकून भ्यायचे.

भाभींना सांगू नका, अशी त्यांनी मला शपथ घातली आणि त्यांची भीती माझ्या घरी राहायला आली. मी स्वयंपाकघरात असले तरी कान बाहेर. फावड्याचा आवाज येत राहिला की बरं वाटायचं. थांबला की हातातलं टाकून खिडकीशी जायचे. भाई पाणी पीत उभे दिसायचे. पुन्हा आवाज सुरू होईपर्यंत माझ्या हातून पोळी लाटली जायची नाही.

असे दोन आठवडे काढले आणि शपथ मोडली. भाभी मेथीची पहिली जुडी घेऊन आल्या होत्या. कोवळी, बोटभर. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, त्या रडतील, ओरडतील. त्या जुडीचा दोरा सोडत बसल्या.

"म्हायत हाय मला," त्या म्हणाल्या. "ते झोपले की मी त्यांच्या छातीला कान लावून ऐकतंय. रोज."

मग आम्ही दोघींनी बेत केला. बत्ह्यात एक छोटा दवाखाना होता. तिथे रोख पैसे देऊन दाखवायचं, म्हणजे विम्याचा कागदच होणार नाही. भाईंना सांगायचं, मुळ्याचं बी संपलंय, शुक्रवारी बाजारात जाऊ. भाई तयारही झाले. वर मला बजावलं, "जुनं बी घेऊ नका वहिनी. उगवेल का, काय भरवसा?"

बुधवारी दुपारी त्यांच्या ऑफिसातून फोन आला. ते खुर्चीतच गेले होते.

दफन रियाधलाच झालं. त्यांचे साहेब घरी आले, ज्यांचे मेसेज भाई उभं राहून ऐकायचे तेच. चांगले उंचेपुरे सौदी गृहस्थ, डोळे लाल. पुन्हा पुन्हा इंग्रजीत एकच विचारत होते, "मला का नाही सांगितलं? मी स्वतः नेलं असतं." मग भाभींना म्हणाले, मुलीची परीक्षा होईपर्यंत तुम्ही इथेच राहा, घराची काळजी करू नका. भाई ज्या मार्चसाठी छाती दाबून बसले होते, तो न मागता मिळाला. मला तेव्हा इतका राग आला की मी उठून बाहेर गेले. राग कोणाचा, ते अजून कळलेलं नाही.

मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली. मायलेकी दापोलीला गेल्या. समोरचं घर अजून बंद आहे.

आता पुन्हा ऑक्टोबर आहे. एकटीने वाफे खणले, मेथी टाकली, झेंडूही लावला. परवा कंपाउंडातली खजुराची झाडं तपासायला एक माणूस आला होता. त्याने आमच्या खोडाला यंत्र लावलं, खालीवर फिरवून पाहिलं आणि अंगठा दाखवला. "मिया मिया," म्हणाला. शंभर टक्के चांगलं.

"पुन्हा एकदा बघा," मी म्हटलं. तो हसला, पण त्याने पुन्हा पाहिलं. झाडाला काहीही झालेलं नव्हतं.

तो गेल्यावर मी हात धुतले, खोडापाशी गेले आणि कान लावून उभी राहिले. घरातून नवऱ्याने हाक मारली, चहा झालाय म्हणून. मी एक हात वर केला.