सोमारीचा डब्यातला वाल

बल्लारपूरजवळच्या एका कोळसा खाणीत मी स्टोअरबाबू होतो, तेव्हाची म्हणजे १९५५ सालची ही गोष्ट. मजुरांच्या चाळीपुढे कंपनीने पाटी लावली होती : 'आवारात खोदण्यास मनाई आहे.' ज्या कंपनीने आमच्या पायांखालची जमीन मैलभर पोखरली होती, तिला एखाद्या बाईने विळ्याने वीतभर माती उकरलेली खपत नसे.

त्या चाळीत दसरू आणि त्याची बायको सोमारी राहत. दोघेही एटापल्लीच्या पलीकडच्या जंगलातले गोंड. सोमारीने माहेराहून पदराच्या गाठीत वालाचे बी आणले होते. पेरायला जमीन नव्हती आणि कुंड्या घ्यायला पैसे नव्हते. खाणीतल्या दिव्यांसाठी कार्बाइड येई, त्याचे रिकामे डबे स्टोअरमागे गंजत पडलेले असत. तिने ते मागितले आणि मी दिले. पहिले बी डब्यांत उरलेल्या कार्बाइडच्या चुन्याने जळून गेले. मग तिने डबे नाल्यावर नेऊन राखेने घासले, खिळ्याने तळाला भोके पाडली आणि त्यांवर छपराच्या फुटक्या कवेलूचे तुकडे ठेवले. नाल्याकाठचा गाळ डोक्यावरून आणला, त्यात शेळीच्या लेंड्या कालवल्या. तांदळाचे धुवण रोज वेलाला जाई. दिवाळीपर्यंत वाल छपरावर चढला.

कुणीतरी तक्रार केली. खाणीच्या मॅनेजरसाहेबांनी मला चौकशीला पाठवले.

"सोमारी, खोदायला मनाई आहे, ठाऊक आहे ना?"

"मी कुठी खोदलं, बाबू? मी त डब्यात पेरलं. खोदते ते तुमची कंपनी."

'खोदकाम आढळले नाही' असे मी लिहून दिले. माझ्या नोकरीतला पूर्ण खरा अहवाल बहुधा तेवढाच.

साहेब स्वतः येऊन वेल पाहून गेले आणि खूश झाले. महिन्याभरात नागपूरहून एक बडे अधिकारी यायचे होते. तोवर सोमारीचा वाल हा 'मजुरांना बागकामाची गोडी लावण्याचा आमचा उपक्रम' झाला होता. साहेब म्हणाले, "त्या बाईला सांगा, पाहुण्यांसाठी टोपलीभर शेंगा काढून ठेव."

सोमारीने मान हलवली. "नाई जमत, बाबू. पंडुम नाई झाला."

नवे पीक आधी देवाला आणि पितरांना दाखवायचे, मगच तोडून खायचे, तो सण म्हणजे पंडुम. त्याचा दिवस गावचा पुजारी, म्हणजे गायता, ठरवतो.

शेजारची भागीरथा दारातूनच ओरडली, "अवं, तुझं गाव कुठी आन् तू कुठी! गायत्याले तिथून दिसते का तुझा वाल?"

"त्याले नाई दिसत. मले दिसते ना," सोमारी म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मायच्या घरचं बी आहे, बाबू. आधी तोडलं त कोणत्या तोंडानं गावात जाऊ?"

साहेबांना नाही म्हणणे मला कधी जमले नाही. सोमारीलाही मला नाही म्हणवेना. दोघांनाही हो म्हटले आणि बाजारात जाऊन शेंगा घेऊन आलो.

पाहुणे आले. वेलाखाली त्यांच्या हाती टोपली दिली. ती पाहून ते म्हणाले, "वा! ताजेपणा लगेच कळतो." साहेबांनी नम्रपणे मान लववली. एवढ्यावर निभावले असते, पण पाहुण्यांना एक शेंग स्वतःच्या हाताने तोडायची हौस आली. त्यांनी हात वर केला. सोमारीचा चेहरा उतरला. मी खाली डब्यांकडे पाहू लागलो.

"साहेब, हात नोका लावू!" भागीरथा ओरडली. "लाल मुंग्या आहेत तिथी. लय चावतात!"

हात झटकन खाली आला. वेलावर एकही मुंगी नव्हती. पाहुणे गेल्यावर भागीरथा सोमारीला म्हणाली, "मले टुकूटुकू पाहू नोको. पंडुम झाला की वाटीभर धाड."

पुढे पौषात सोमारीचा भाऊ लालसू पंडुमचा दिवस सांगत आला. त्या दिवशी तिने डब्यांपुढे मोहाची चार सुकी फुले आणि तांदूळ ठेवले, पहिल्या शेंगा वाहिल्या आणि मगच भाजी रांधली. एक वाटी भागीरथाकडे गेली, एक आमच्याकडे आली. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, "फार चवदार झाली होती."

"खोटं काऊन बोलता, बाबू? जून झाल्या होत्या. दसरूचा त दात दुखून राह्यला." ती हसत सुटली. "बाजारच्याच कवळ्या होत्या. पर बी झालं पाहा कसं!" आणि तिने माझ्या हातावर टपोरे बी ठेवले.

मी ते एका गळक्या बादलीत लावले. त्याच वालाचे बी आम्ही दरवर्षी धरतो. शेंगा आल्या की आमच्याकडे स्वयंपाक करणारी नीलाबाई विचारते, "आता तोडू का?" पंडुमचा निरोप मला कोण पाठवणार? तरी मी म्हणतो, "थांब थोडी." दरवर्षी त्या जून होतात, आणि ती दरवर्षी बाजारातून कोवळ्या आणते.