पहाटे गरम होणारी गाडी

या सदरातले अनुभव मी वाचते ते टाइमपास म्हणून, हे आधीच कबूल करते. मी बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतेय. रिपोर्टमध्ये काही विचित्र आलं तर आम्ही सॅम्पल परत लावतो, मशीन तपासतो, आणि दहातल्या नऊ वेळा चूक माणसाचीच निघते. भुताखेतांबद्दलही माझं मत तेच होतं. खाली जे लिहितेय तेही मी तसंच दोन-तीनदा तपासून पाहिलंय. चूक अजून सापडलेली नाही.

आम्ही लालबागला राहतो. मी आणि आई, दोघीच. आईच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं – मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेसहाचा स्लॉट. हॉस्पिटल परळला, म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर. आणि तीच अडचण. इतक्या जवळचं भाडं कुठलाच टॅक्सीवाला घेत नाही. परत येताना आईचं बीपी उतरलेलं, पायात जीव नाही, आणि मी रस्त्यावर हात करत उभी. एकदा ती फुटपाथवरच बसली. त्या दिवशी मी ठरवलं, गाडी घ्यायची.

ज्यांनी मुंबईत सेकंडहँड गाडी घेतलीय त्यांना पुढचं सांगायला नको. ॲपवर फोटोत चकचकीत, प्रत्यक्षात दारं गंजलेली. एकाने 'लेडी डॉक्टरने वापरलेली' म्हणून दाखवलेल्या गाडीत मागच्या सीटखाली विटांचा चुरा सापडला. आमच्या गल्लीतला मेकॅनिक रवी साटम प्रत्येक वेळी माझ्याबरोबर यायचा आणि बॉनेट उघडून दोन मिनिटांत म्हणायचा, "ताई, चला. इकडे चहासुद्धा घेऊ नका." बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये जेमतेम चार गाड्या मावतात, तिथली एक जागा मिळवायला सोसायटीत कोणाकोणाची मनधरणी केली, तो वेगळाच विषय.

शेवटी गाडी मिळाली माटुंग्याला. राखाडी रंगाची, छोटी, पेट्रोलवरची. मालक वर्दे काका, वय पंचाहत्तरच्या पुढे, जुन्या कॉलनीत पहिल्या मजल्यावर एकटेच राहणारे. मुलगा बंगळूरला. साटमने गाडी चालवून पाहिली आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही. म्हणजे पसंत.

"का विकताय, काका?" मी विचारलं.

"हिच्यासाठी घेतली होती. ही गेली, आता मला कुठे जायचंय?" मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कशाला हवीय?"

मी आईचं सांगितलं. त्यांच्या बायकोचंही चार वर्षं डायलिसिस चाललं होतं.

"किती वाजता असतं?"

"साडेसहा. पहाटे सहाला निघतो."

"मग एक करा. थंडीत निघायच्या आधी खाली जाऊन दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा. गाडी थंड असताना डॅशबोर्डवर निळा दिवा लागतो. तो गेला की हीटर लावायचा. डायलिसिसच्या माणसाला थंडी फार वाजते हो. आपल्याला कल्पना नसते."

त्यांनी फक्त वेळ विचारली. वार विचारले नाहीत, मीही सांगितले नाहीत. हे लक्षात ठेवा.

मुंबईच्या थंडीला सगळे हसतात. माझ्या लहानपणी ती खरंच पडायची – आई आम्हाला परळच्या फुटपाथवरच्या स्वेटरवाल्यांकडे न्यायची, आणि शाळेच्या रांगेत आम्ही माकडटोप्या घालून तोंडातून वाफ काढायच्या शर्यती लावायचो. हल्ली जानेवारीतसुद्धा पंखा लागतो. पण त्या वर्षी थंडी आली. सकाळी समोरचे टॉवर धुरक्यात अर्धे गायब, वॉचमन कानाला मफलर गुंडाळून पुठ्ठे जाळत बसलेला.

पहिल्याच मंगळवारी माझी उठायची वेळ चुकली. दहा मिनिटं आधी खाली जाणं राहिलं. आईला शालीत गुंडाळून गाडीत बसवलं, किल्ली फिरवली – निळा दिवा लागलाच नाही. हीटर लावला तर थेट ऊब आली.

"बरा वाटता गो," आई म्हणाली. आमची आई मालवणची, पन्नास वर्षं लालबागला काढली तरी घरात मालवणीच बोलते. "तू कधी खाली जावन इलंस?"

मी गेलेच नव्हते. वाटलं, दिवा बिघडला असेल. हॉस्पिटलपाशी उतरल्यावर सहज बॉनेटवर हात ठेवला. गरम. पण पाच मिनिटं गाडी चालली होती, गरम असणारच. मी विषय सोडला.

गुरुवारी मुद्दाम गाडी सुरू करायच्या आधी हात ठेवला. बॉनेट गरम होतं. नुकती कोणीतरी फिरवून आणून लावावी, तसं. आजूबाजूच्या तिन्ही गाड्या दवाने ओल्या, थंडगार.

शुक्रवारी थंड. शनिवारी गरम. रविवारी थंड, सोमवारी थंड. मंगळवारी पुन्हा गरम.

पहिला संशय अर्थातच माणसावर. कोणीतरी किल्ली बनवून गाडी वापरतंय. पण किलोमीटरचा आकडा तोच. पेट्रोल तेवढंच. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे बसून कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. पहाटेचे तीन तास गाडी जागची हललेली नाही, कोणी जवळ आलेलं नाही. फक्त साडेपाचनंतर कंपाउंडमधली मांजर आली, चार गाड्यांपैकी आमच्याच गाडीच्या बॉनेटवर चढली आणि पाय पोटाशी घेऊन झोपली.

साटमला सांगितलं. तो हसला. "ताई, बंद गाडी गरम होत नाही. सायन्स आहे."

"मग ये आणि सायन्स दाखव."

बुधवारी संध्याकाळी येऊन त्याने बॅटरीची वायरच काढून ठेवली. "आता इंजिन काय, लाइटपण लागणार नाही. सकाळी हा नट आवळा आणि जा."

गुरुवारी पहाटे मी पाना घेऊन खाली गेले. बॉनेटला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. आतलं इंजिनही तापलेलं होतं. वायर बाजूला लोंबत होती. तो नट आवळताना पाना दोनदा हातातून निसटला. साटमला फोटो पाठवला. त्याचा फोन आला, पण या वेळी त्याला हसू आलं नाही. "ताई, गाडी विकून टाका," एवढंच म्हणाला.

शनिवारी मी सव्वापाचला खाली जाऊन उभी राहिले. अजून उजाडलं नव्हतं, पण दूधवाल्याची सायकल येऊन गेली होती, वरच्या मजल्यावर कोणाचा तरी कुकर चढला होता. अगदी रोजची, ओळखीची सकाळ. बॉनेट बर्फासारखं थंड. मी दोन्ही तळवे त्यावर टेकवून तशीच उभी राहिले. स्वतःचंच हसू येत होतं.

साडेपाच झाले. मग पाच पस्तीस.

आधी वाटलं, माझ्याच हातांची ऊब असेल. मग तळव्यांखाली, मधोमध, ती वाढायला लागली. सावकाश... चुलीवरच्या तव्यासारखी. आवाज नाही. थरथर नाही. धूर नाही. माझ्यासमोर काचेला आतून हलकी वाफ धरली – ड्रायव्हरच्या बाजूला, तेवढीच. आत कोणी श्वास घेत बसावं तशी. मी हात उचलायला गेले, पण उचलवेनात. मांजर आली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि माझ्या हातांशेजारी बॉनेटवर चढून बसली. तेव्हा मी जी पळाले ती तिसऱ्या मजल्यापर्यंत थांबले नाही.

आई दाराशी शाल घेऊन तयार होती. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, घाबरेल. ती म्हणाली, "कोणी वाईट करूक येणारो माणूस गाडी गरम करून ठेवता काय गो? चल, उशीर होता."

त्या दिवशी मी तिला त्याच गाडीतून नेलं. काच पुसताना डोळे मिटून घेतले होते.

रविवारी गाडीच्या कागदांचं निमित्त काढून मी माटुंग्याला गेले. वर्दे काकांनी चहा केला. खिडकीजवळ एक वेताची खुर्ची होती, तीत बसले. मी इकडचं तिकडचं बोलत होते, विषयाला हात घालायचा धीर होत नव्हता. त्यांनीच विचारलं, "थंडी बरीच आहे. आईंना गाडीत गार नाही ना लागत?"

"नाही. गाडी... गरम असते."

"छान." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तुम्हाला हसू येईल. मला अजून साडेपाचला जाग येते. मग मी या खुर्चीत बसतो, डोळे मिटतो, आणि मनातल्या मनात खाली जाऊन गाडी चालू करतो. स्टिअरिंगवर हात ठेवून बसतो. निळा दिवा गेला की उठून चहा टाकतो. म्हातारपणचे चाळे."

मी कप खाली ठेवला.

"रोज?"

"नाही, गंमत तीच आहे. हिचे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार. चार वर्षं ती सवय. पण या महिन्यापासून जाग येते ती मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी. मध्ये एक दिवसही नाही. वय झालं, वारसुद्धा सरकले."

मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगणार काय होते? निघताना मात्र माझ्याकडून नकळत वाकून नमस्कार झाला.

त्यानंतर माझी भीती गेली असं नाही म्हणणार. पण मंगळवारी मी खाली गेले, गाडी गरम होती आणि मी "थँक यू, काका" म्हणाले. मोठ्याने. वॉचमन बघत होता.

गुरुवारी गाडी थंड होती.

मी दोनदा हात लावला. बॉनेटवर दव होतं. मांजर जिन्यात बसलेली. किल्ली फिरवली, डॅशबोर्डवर निळा दिवा लागला – डायलिसिसच्या दिवशी पहिल्यांदाच. मी काकांना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. परत.

"काय झाला?" आईने विचारलं.

"काका फोन उचलत नाहीत. तुला आधी सोडते, मग..."

"तो माणूस एकटो आसा ना?"

"हो."

"मगे पयला थंय चल. माझा डायलिसिस खंय पळान जाता?"

तिचे पाय सुजलेले होते, बोलताना दम लागत होता. दोन दिवसांचं पाणी अंगात साठलेलं. स्लॉट गेला तर पुढचा कधी मिळेल याची खात्री नव्हती. आणि हे सगळं कशाच्या जोरावर? एका थंड बॉनेटच्या! परळ आलं तेव्हा मी गाडी हळू केली. आईने माझ्याकडे न बघता फक्त हाताने 'पुढे' अशी खूण केली. दादर टीटी ओलांडून आम्ही माटुंग्याला पोचलो.

आईला गाडीतच बसू दिलं आणि वर जाऊन बेल वाजवली, दार ठोठावलं. समोरच्या फ्लॅटमधल्या तमिळ मामी हातात रांगोळीचा डबा घेऊन बाहेर आल्या. त्यांच्याकडे जादा किल्ली होती. "काका सो रहा होगा," असं म्हणत म्हणतच त्यांनी दार उघडलं.

काका बाथरूमच्या दारात आडवे पडले होते. अंगावर ओला सदरा, ओठ निळसर, एक पाय विचित्र वळलेला. रात्रीच कधीतरी घसरले होते. श्वास चालू होता. मी ओला सदरा काढला, मामींनी असतील तेवढ्या चादरी आणल्या, मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. काकांचा हात हातात घेतला तर कंपाउंडमधल्या त्या बॉनेटपेक्षा थंड होता.

नंतर डॉक्टर म्हणाले, खुबा मोडलाय, अंग फार गार पडलंय, अजून दोन-तीन तास गेले असते तर कठीण होतं.

आईला मी सव्वाआठला परळला पोचवलं. सिस्टर ओरडल्या, मग एक पेशंट आला नव्हता त्याच्या मशीनवर तिला घेतलं.

पाचव्या दिवशी मी काकांना भेटायला गेले. मुलगा आला होता, तो औषधं आणायला खाली गेल्यावर काका म्हणाले, "तुम्ही कशा आलात हो त्या दिवशी? मामी म्हणत होत्या, सकाळी सव्वासहाला दारात."

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. मांजर, बॅटरीची वायर, काचेवरची वाफ, सगळं.

"फरशीवर पडल्या पडल्या दुखण्याचं काही वाटेना," ते म्हणाले. "सारखं एकच मनात येत होतं – आज खाली जाता येत नाही, तिला थंडी वाजेल. तिला म्हणजे हिला, की तुमच्या आईला... ते आता माझं मलाच सांगता येत नाही."

आता ते मुलाकडे बंगळूरला असतात, काठी घेऊन चालतात. गोळ्यांमुळे सातपर्यंत झोप लागते म्हणे. त्या गुरुवारनंतर आमची गाडी आपोआप कधी गरम झाली नाही. दहा मिनिटं आधी मीच खाली जाते.

साटमने सेन्सर बदलला, थर्मोस्टॅट तपासला, इंजिन अर्धं खोलून परत बसवलं. काही सापडलं नाही. लॅबमधले सहकारी योगायोग म्हणतात. कदाचित असेलही. पण माझ्या तळव्यांखाली जे तापलं ते काय होतं, आणि माटुंग्याच्या त्या माणसाला आमचे वार कोणी सांगितले, हे मला आजही माहीत नाही. आईला एकदा विचारलं, तुला काय वाटतं? ती टीव्ही बघत होती. म्हणाली, "माका काय वाटाचा? त्यांका फोन लाव, बंगळूराक थंडी जास्त आसता."