बळवंतरावांच्या दोन नळ्या

प्रतापनगरला रेल्वे वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत बळवंतराव घोरपड्यांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे एक शटर, एक बाकडं आणि खिळ्याला टांगलेल्या दोन काळ्या रबरी नळ्या. आपले पणजोबा सरकारी फौजेत घोडेस्वार होते, हे बळवंतराव नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकतात. सांगू द्यावं. त्यानंतर ते जे बोलतात ते फक्त इंजिनाबद्दल असतं, आणि त्यात सहसा चूक नसते.

नळ्यांचा प्रकार असा. जुन्या दोन सिलिंडरच्या गाड्यांना हवेत पेट्रोल मिसळणारे दोन कार्बोरेटर असायचे आणि दोघांनी सारखीच हवा ओढायला हवी. एक जास्त ओढू लागला की इंजिन थरथरतं. लोक ते जुळवायला काट्याच्या डायली लावतात. बळवंतराव नळ्या लावतात. डाव्या कार्बोरेटरच्या तोंडाशी एक नळी, तिचं दुसरं टोक डाव्या कानात. उजवीकडे दुसरी, तशीच. इंजिन चालू केलं की दोन्हीकडून सूं असा आवाज येतो. मग मधला बारीक स्क्रू हळूहळू फिरवायचा. आवाज सरकत सरकत डोक्याच्या बरोबर मधोमध आला की काम झालं. चाळीस वर्षं त्यांनी असंच केलं आणि सुरतेपर्यंतच्या लोकांनी त्यांच्याकडे गाड्या पाठवल्या.

पुढे गाड्यांत कार्बोरेटर राहिलेच नाहीत, इंजेक्शन आलं. पेट्रोल किती सोडायचं हे एक सीलबंद डबी ठरवू लागली आणि दुरुस्तीला लॅपटॉप लागू लागला. बळवंतरावांच्या नळ्यांवर धूळ बसली. ते पंक्चर आणि ब्रेकची कामं करू लागले, आणि त्यांचा स्वभाव जो आधीच तिखट होता तो आणखी तिखट झाला.

अशात कारेलीबागेतला विहंग आला. तिशीचा, मोठ्या कंपनीत नोकरी, आजोबा संस्थानच्या काळातले ग्रंथपाल. त्याच्याकडे दोन सिलिंडरची नवीकोरी मोटरसायकल होती आणि तिला त्याला पन्नास वर्षांपूर्वीचं रूप द्यायचं होतं. गाडी रस्त्यावर फिरवायची नव्हती, रविवारच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात मांडायची होती.

"काका, हे इंजेक्शन काढायचंय. दोन कार्बोरेटर लावायचेत. मी चार गॅरेजमध्ये विचारलं, सगळे हसले."

"चालत्या गाडीचा मेंदू काढायला निघालायस. हसतील नाहीतर काय करतील?" बळवंतराव म्हणाले. पण एवढं बोलेपर्यंत त्यांनी नळ्या खिळ्यावरून काढून फडक्याने पुसायला घेतल्या होत्या.

काम त्यांनी मन लावून केलं. टाकीतला पंप काढला, कारण त्या दाबाने कार्बोरेटर भरून वाहिला असता. टाकीला खाली साधा कॉक बसवून घेतला. ती सीलबंद डबी पेट्रोलबरोबर ठिणगीही सांभाळत होती, म्हणून ठिणगीसाठी वेगळी डबी लावली. काढलेल्या वायरींचा भारा बाकड्यावर ठेवून त्यांनी विहंगला सांगितलं, "हे सगळं कशाला लागत होतं, ते देवालाच माहीत." गुरुवारी इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. बळवंतरावांनी नळ्या कानात घातल्या, स्क्रू फिरवला, आवाज मधोमध आणला आणि समाधानाने डोळे मिटले.

डोळे उघडले तर गाडी थरथरत होती.

थोडीथोडकी नव्हे. सीटवर ठेवलेला चहाचा कप सरकत सरकत काठाशी आला. त्यांनी बोट ओलं करून दोन्ही सायलेन्सरच्या नळ्यांना लावलं. डावीकडे पाणी चर्रकन उडालं, उजवीकडे नुसतं ओघळलं. म्हणजे सगळं ओझं डावा सिलिंडर वाहत होता आणि उजवा बसून खात होता. पण कान सांगत होते की हवा दोन्हीकडे सारखी आहे.

आता असं कसं, हे काही त्यांना उमजेना. त्यांचा एक नेम होता: ज्याच्यावर संशय तो पार्ट या बाजूचा त्या बाजूला लावायचा. दोष सरकला तर पार्ट वाईट, जागेवर राहिला तर इंजिनात काहीतरी. त्यांनी प्लग बदलून पाहिले. कॉइल बदलल्या. दोन्ही कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक जेट अदलाबदल केले. व्हॉल्व्ह तपासले. दर वेळी नळ्या कानात, दर वेळी आवाज बरोबर मधोमध, आणि दर वेळी उजवा सिलिंडर थंड. शुक्रवारी दुपारपर्यंत बदलायचं काही शिल्लक राहिलं नाही. विहंग बिचारा अर्ध्या गुजरातीत म्हणत होता, "शांतीथी करा काका, घाई नाही." घाई होती. रविवार परवावर आला होता.

खरं सांगायचं तर मेळ्याचं त्यांना काही पडलं नव्हतं. त्यांनी मनाशी वेगळंच ठरवलं होतं. लॅपटॉप त्यांना येत नव्हता, येणारही नव्हता. त्यांच्याजवळ होता तो कान. हे इंजिन कानाने लागलं नाही तर शटर ओढायचं ते कायमचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? कांचन तर बोलतच नव्हती.

कांचन म्हणजे त्यांची बायको, आणि हा दुसरा घोळ. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. रोज संध्याकाळी दोघं गॅलरीतल्या झोपाळ्यावर बसत, ती डावीकडे, ते उजवीकडे. पूर्वी ती अखंड बोलायची. गेल्या दीड-दोन वर्षांत तिचं बोलणं आटत आटत पुटपुटण्यावर आलं होतं. ते सवयीने "हं" म्हणायचे. मग ती गप्प व्हायची आणि उठून आत जायची. त्यातच मागच्या दिवाळीला तिने बावीस वर्षं चालवलेला शिवणक्लास एकदम बंद केला. दोन मशिनी देऊन टाकल्या, तिसरीवर चादर घालून ती कोपऱ्यात लोटली. बळवंतरावांना धक्काच बसला. का बंद केलास, म्हणून विचारलं तर तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनीच काही आगळीक केली होती. "आता कशाला विचारता?" एवढंच म्हणाली. बायको कशावरून तरी रुसली आहे एवढं त्यांना कळलं होतं. कशावरून, ते कळत नव्हतं. इंजिन असतं तर पार्ट बदलून पाहिले असते.

शुक्रवारी संध्याकाळी ते झोपाळ्यावर बसून उजव्या सिलिंडरचा विचार करत होते. कांचन शेजारी काहीतरी पुटपुटली. "हं," बळवंतराव म्हणाले. ती उठली आणि आत गेली.

शनिवारी सकाळी त्यांनी गाडी पुन्हा चालू केली. नळ्या कानात घातल्या. आवाज मधोमध. गाडी थरथरत. ते तसेच बसून राहिले. विहंग डावीकडे उभा राहून काहीतरी म्हणाला, ते "हं" म्हणाले. थोड्या वेळाने टपरीवाला दोन चहा घेऊन आला.

"चहा कुणी सांगितला?" बळवंतरावांनी नळ्या काढत विचारलं.

"मी विचारलं ना तुम्हाला, चहा सांगू का. तुम्ही हं म्हणालात," विहंग म्हणाला.

बळवंतरावांनी हातातल्या नळ्यांकडे पाहिलं. सगळं बदलून झालं होतं. प्लग, कॉइल, जेट. या दोन नळ्या ज्यांत जात होत्या तेवढं मात्र बदललं नव्हतं. त्यांनी डाव्या कार्बोरेटरची नळी उजव्या कानात घातली आणि उजव्याची डाव्या कानात.

मधोमध बसलेला आवाज एकदम उजवीकडे कोसळला. उजव्या कानात वादळ, आणि डाव्या कानात जवळजवळ काहीच नाही.

दोष सरकला होता. म्हणजे पार्ट वाईट. आणि पार्ट कोणता ते आता उघड होतं. डाव्या कानाला कमी ऐकू येत होतं, म्हणून ते डावा कार्बोरेटर उघडत गेले होते, दोन्ही आवाज सारखे वाटेपर्यंत. त्यांना हसू आलं. नळ्या कानातून काढून ते बाकड्यावर जाऊन बसले.

"काका, शुं थयुं? बरं वाटत नाही का?"

"इंजिनात काही नव्हतं रे," बळवंतराव म्हणाले. "माझा डावा कान गेलाय."

बळवंतरावांनी एक नळी खिळ्याला परत टांगली. दुसरी उजव्या कानात घालून तिचं टोक एकदा इकडे, एकदा तिकडे धरत त्यांनी दहा मिनिटं स्क्रू फिरवला. अवघडल्यासारखं होत होतं, चाळीस वर्षांचा हात विसरावा लागत होता. पण थरथर उतरत गेली. त्यांनी आपला चहाचा कप सीटवर ठेवला. चहावरची साय हललीसुद्धा नाही.

विहंगने आनंदाने त्यांना वाकून नमस्कार केला. बळवंतरावांचं लक्ष नव्हतं. ते रिकाम्या डाव्या बाजूकडे बघत होते, जिथून तो मघाशी चहाचं विचारत होता.

दुपारीच ते घरी आले. कांचन झोपाळ्यावर मेथी निवडत बसली होती, नेहमीच्या जागी, डाव्या टोकाला. ते तिच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

"सरक तिकडे."

"तिकडे तुम्ही बसता."

"आजपासून तू बस."

ती नवल वाटून सरकली. बळवंतराव तिच्या जागी बसले. आता ती त्यांच्या उजव्या हाताला होती. मग ती मेथीकडे बघतच, अगदी हळू, स्वतःशी बोलावं तशी म्हणाली, "आज काय एवढ्या लवकर?"

त्यांना शब्दन् शब्द ऐकू आला.

"कांचन, क्लास बंद करायचं तू मला विचारलं होतंस?"

"विचारलं होतं. इथेच. दोनदा विचारलं." तिने मेथीची काडी मोडली. "दोन्ही वेळा तुम्ही हं म्हणालात. मी म्हटलं, यांना तो पहिल्यापासून नकोच असणार."

बळवंतरावांनी तिला कानाचं सांगितलं. नळ्यांचं सांगितलं, चहाचं सांगितलं. सांगताना ते मध्येच थांबत होते. ती ऐकत होती, आणि तिच्या हातातली मेथी तशीच राहिली होती. आतल्या कोपऱ्यात चादरीखालची मशीन दिसत होती.

"परत विचार," ते म्हणाले.

"काय?"

"तेव्हा विचारलं होतंस ते."

तिने मेथी खाली ठेवली. मग विचारलं, "क्लास बंद करू का?"

"नको," बळवंतराव म्हणाले, इतक्या जोरात की खालून सायकलवरून जाणारा माणूस वर बघायला लागला.

"हळू बोला," कांचन म्हणाली. "मला ऐकू येतं."