वळणावरचा नमस्कार

त्या वर्षी मी दत्तमहाराजांशी अबोला धरला होता. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा तो अगदी मनापासून होता. इंदूरच्या एका मिशनच्या मुलींच्या शाळेत मी खेळाची शिक्षिका आहे. आजोबा इथल्या कापड गिरणीत कारकून म्हणून आले, वडील रेल्वेत होते, आणि मी घराण्याचं नाव काढलं ते शिट्टी फुंकून, असं माझी आई म्हणायची. शाळा जुनी आहे आणि मिशनच्या जुन्या शाळांना असतं तसं भलंमोठं मैदानही आहे. त्या मैदानावर बारा वर्षं मी मुलींना पळवत होते आणि त्यातली शेवटची चार वर्षं आम्ही नियमाने हरत होतो. चार बाय चारशेची रिले हा माझा हट्ट होता. चार मुली, प्रत्येकीनं एक पूर्ण फेरी मारायची आणि हातातलं बॅटन पुढचीच्या हातात द्यायचं. चार वर्षांत आम्ही एकदा चौथ्या आलो आणि तीनदा पाचव्या. दर वर्षी स्पर्धेआधी मी गुरुवार धरत होते, नारळ बोलत होते, आणि हरलो की पुढच्या वर्षी नारळांची संख्या वाढवत होते. शेवटी माझाच धीर सुटला. चौथ्यांदा हरल्यावर मी महाराजांना सांगून टाकलं की आजपासून तुमचं आमचं बोलणं बंद.

त्याच आठवड्यात प्रिन्सिपल सिस्टर बेनेडिक्टांनी मला बोलावलं. त्या मूळच्या केरळच्या. वीस वर्षं इंदुरात काढली तरी हिंदीतला मल्याळी ठसका गेलेला नाही. बोलणं मोजकं आणि नजर अशी की माझ्यासारखी आडदांड बाईही पदर सावरून उभी राहते. मॅनेजमेंटला अर्ध्या मैदानावर बस उभ्या करायला जागा हवी होती आणि उरलेल्या अर्ध्यात कॉम्प्युटरच्या नव्या खोल्या. "मिस, मैंने एक साल मांगा है," त्या म्हणाल्या. "टीम स्टेट तक गई तो ग्राउंड रहेगा. नहीं गई, तो मैं साइन करूंगी. फिर मुझे रोना मत दिखाना." मी मान हलवली आणि बाहेर येऊन पाण्याच्या नळापाशी रडून घेतलं.

रडू मैदानासाठी होतंच, पण जास्त सेलीनासाठी होतं. ही आमच्या होस्टेलची मुलगी, झाबुआकडच्या पाड्यावरची. सहावीत आली तेव्हा तिची बोली आम्हाला कळायची नाही आणि आमची हिंदी तिला. मुली हसतात म्हणून तिनं वर्गात तोंडच मिटून घेतलं होतं. तिचं तोंड पहिल्यांदा उघडलं ते मैदानावर, सगळ्यांना मागे टाकल्यावर. आता ती अकरावीत होती, रिलेची शेवटची फेरी तिची असायची आणि ती माझ्याशी वाद घालण्याइतकी बोलायला लागली होती. मैदान गेलं तर ही मुलगी पुन्हा गप्प होणार, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं.

राज्यासाठीच्या निवड स्पर्धेच्या दोन महिने आधी स्टेडियमवर शाळाशाळांच्या शर्यती झाल्या. आम्ही पुन्हा पाचव्या आलो. मी कठड्याला टेकून उभी होते आणि मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करत होते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ वाकून ट्रॅकवर चुन्याची रेघ दुरुस्त करत होते. पायात रबरी चपला, हात कोपरापर्यंत पांढरे. मान वर न करताच ते म्हणाले, "मैडमजी, आपकी छोरियां दौड़ती तो अच्छा हैं. पर चारों की चारों एक ही जगह ढीली पड़ती हैं."

"कहां चाचा?" मी जरा तोऱ्यातच विचारलं. बारा वर्षांची शिक्षिका मी, आणि मला हे चुनेवाले शिकवणार!

"उधर, दूसरे मोड़ पे. थकान होती तो अलग-अलग जगह पे होती. चारों वहींच धीमी होती हैं, और हाथ भी कुछ करता है उनका." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आपके यहां उस मोड़ पे क्या है?"

काही नाही, असं मी सांगितलं. खरंच मला काही आठवलं नाही. ते "देख लेना" म्हणाले आणि चुन्याची बादली उचलून पुढे गेले.

दोन दिवस मी डोकं खाजवलं. मुलींना चणे वाढवले, केळी वाढवली, वळणावर वीस वेळा पळवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांची मोटारसायकल गॅरेजमध्ये होती म्हणून ते माझ्या स्कूटीवर मागे बसले. आम्ही राजवाड्यामागे राहतो. शाळेला जाताना कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळ दत्ताचं देऊळ लागतं. नेहमीप्रमाणे देऊळ आलं, माझा उजवा हात हँडलवरून सुटला, कपाळाला लागला, छातीला लागला आणि परत हँडलवर गेला. मागून आवाज आला, "अरे यार! तुझा तर अबोला चालू आहे ना? फिर ये सलाम किसको?"

"सवय आहे हो," मी म्हटलं.

"सवय तुझी, जान माझी जाते. एक्सिलेटर सोडतेस, गाडीला झटका बसतो, मागून ऑटोवाला चढायला बघतो. रोज असंच करतेस काय?"

रोज असंच करत होते. मनानं अबोला धरला होता, पण हातानं काही ऐकलं नव्हतं. मी गाडी कडेला घेतली आणि तिथेच उभी राहिले. आमच्या मैदानाच्या दुसऱ्या वळणावर काय आहे ते मला एकदम दिसलं. तिथे ग्रोटो आहे. दगडांची रचलेली लहानशी गुहा, आत निळ्या शेल्यातली मारियामातेची मूर्ती, पुढे लोखंडी कठडा आणि बारमाही झेंडू. शाळेतली प्रत्येक मुलगी त्या समोरून जाताना जरा थबकते आणि हात वर नेते. कॅथलिक मुली क्रॉसची खूण करतात, हिंदू मुली छातीशी हात नेतात, आमच्या रिलेतली जैनब कपाळाशी बोटं नेऊन सलाम करते. पळतानाही करतात. शाळेत आल्यापासून करतात. स्टेडियमवर ग्रोटो नव्हता, पण वळण तर होतं, आणि पायांना नि हातांना तेवढं पुरत होतं. मला ते बारा वर्षांत दिसलं नाही, कारण तिथून जाताना मीही तेच करत होते. हे मागे बसून विचारत होते, "काय झालं? पेट्रोल खतम?" आणि मी भर रस्त्यात हसत होते आणि रडतही होते.

आता खरी पंचाईत पुढेच होती. एका कॅथलिक शाळेत हिंदू बाईनं मुलींना सांगायचं की मातेला नमस्कार करू नका! स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं काय झालं असतं याची कल्पना मला होती. तीन दिवस मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. मग वाटलं, महाराजांशी बोलणं बंद आहे, सिस्टरशीही बंद ठेवलं तर मैदान गेलंच म्हणून समजा. जीव मुठीत धरून ऑफिसात गेले आणि सगळं सांगितलं. सिस्टर खुर्चीतून उठल्या. छत्री उचलली आणि भर उन्हात मैदानावर आल्या. म्हणाल्या, "दौड़ाओ."

चौघी पळाल्या. चौघींचे हात वर गेले, चौघींचे पाय तिथेच आखडले. सिस्टरनी एकदा ग्रोटोकडे पाहिलं. मग त्यांनी माझ्याकडून चुन्याचा डबा घेतला आणि जुन्या रेघेवर चप्पल घासून ती पुसली. नवी रेघ त्यांनी स्वतःच्या हातानं मारली, वाकडीतिकडी, बरोबर ग्रोटोच्या समोर. फेरी आता तिथून सुरू होणार होती आणि तिथेच संपणार होती.

"रेघ ओलांडेपर्यंत कोणी थांबायचं नाही, हात वर न्यायचा नाही," मी मुलींना सांगितलं. सेलीनाचा चेहरा उतरला. तिनं मला नाही, सिस्टरना विचारलं, "सिस्टर, मां बुरा तो नहीं मानेगी?"

"बुरा?" सिस्टर म्हणाल्या. "मां दरवाजे पे खड़ी है, और तुम रास्ते में रुक-रुक के उसको हाथ हिलाती हो. पहले घर पहुंचो. पूरी ताकत से पहुंचो. फिर जितना चाहे प्रणाम करो."

मुलींना हे सांगितलं होतं, पण लागलं मला. मी आयुष्यभर काय केलं होतं? दर वळणावर हात वर केला होता. एक डोळा पुढे पळणाऱ्या दुसऱ्या शाळेवर आणि एक देवावर, आणि पाय मात्र दोन्हीकडून आखडलेले.

निवड स्पर्धेच्या सकाळी मी दुसऱ्या वळणापाशी जाऊन उभी राहिले. पहिल्या दोघी छान पळाल्या. जैनबही वळण सुसाट पार करून गेली, पण सेलीनाला बॅटन देताना ते दोघींच्या बोटांत अडखळलं. पडलं नाही, पण सेलीना निघाली तेव्हा आम्ही तिसऱ्या होतो. पहिले दोन संघच पुढे जाणार होते. ती पहिलं वळण घेऊन समोरच्या बाजूनं येत होती आणि माझा हात कपाळाकडे निघाला. मी तो डाव्या हातानं घट्ट धरला. वर्षभरात पहिल्यांदा महाराजांशी बोलले, तेही नारळाबिरळाचं नाही. म्हटलं, माझं करून झालं, आता तुमचं तुम्ही बघा. असं म्हटल्याबरोबर छातीतलं काहीतरी सैल झालं, हे मी खोटं सांगत नाही. सेलीना वळणावर आली. बॅटन धरलेला तिचा उजवा हात छातीपर्यंत वर आला. मग तो हात खाली गेला, मागे गेला, आणि ती माझ्या समोरून अशी गेली की तिच्या बुटांनी उडवलेली माती माझ्या ओठांवर आली. वळणावरच तिनं एकीला टाकलं. सरळ रस्त्यावर दुसरीला गाठलं. शेवटच्या दहा पावलांत काय झालं ते मला दिसलं नाही, कारण मी शिट्टी फुंकत धावत सुटले होते आणि दोन पंच माझ्यावर ओरडत होते. पण आमच्या मुलींचा कल्ला ऐकला आणि कळलं. आम्ही पहिल्या आलो होतो!

रेघ ओलांडल्यावर सेलीना थांबली आणि गुडघ्यावर बसून तिनं शांतपणे क्रॉसची पूर्ण खूण केली. बाकीच्या तिघी धावत आल्या. जैनबनं सलाम केला, दोघींनी हात जोडले. समोर ना मूर्ती होती ना देऊळ, चुन्याची चार पोती रचून ठेवलेली होती. ती पोती बघून मला ते म्हातारे चाचा आठवले. पेढ्यांचा डबा घेऊन मी त्यांना सगळ्या स्टेडियमभर शोधलं. तिथला नेहमीचा रेघा मारणारा माणूस म्हणाला, "उस दिन तो मैं छुट्टी पे था मैडमजी. मेरी जगह किसको भेजा था, मेरे को नी मालूम." ऑफिसातही कोणाला सांगता आलं नाही. कोण होते ते, याचा मी काथ्याकूट केलेला नाही. ज्यांनी पाठवायचं त्यांनी पाठवलं, आणि त्यांनी मला जे दाखवायचं ते दाखवलं. पेढे मी त्या रेघा मारणाऱ्यालाच दिले.

आता शाळेच्या बस बाहेर रस्त्यालगत उभ्या असतात आणि ड्रायव्हर कुरकुरतात. त्यांची कुरकुर माझ्या कानाला फार गोड लागते. राज्य स्पर्धेचा ट्रॅकसूट सेलीना होस्टेलच्या खाटेच्या उशाला घडी करून ठेवते आणि वर्गात तोंड उघडून उत्तरं देते, कधीकधी न विचारता. पहिलीच्या चिमुरड्याही आता ग्रोटोच्या दिशेनं पळत सुटतात आणि कठड्यावर जाऊन आदळतात. सिस्टर खिडकीतून ओरडतात, पण रेघ हलवत नाहीत.

सकाळी देऊळ आलं की माझे दोन्ही हात हँडलवर असतात. संध्याकाळी परतताना मात्र मी स्कूटी स्टँडला लावते, चपला काढते आणि आत जाते. बारा वर्षं रोज त्या दारावरून नमस्कार करत गेले होते, आत कधी गेले नव्हते. पहिल्या दिवशी गेले तेव्हा थेट मूर्तीसमोर उभी राहिले. अबोला माझ्याच बाजूनं होता, समोर येऊन मोडायचाही मलाच होता. शेवटी हात जोडले आणि एवढंच म्हटलं, "महाराज, पोचले."