खुर्शीदाच्या ओट्यावरचं जहाज

आधी हे ऐकून घ्या, का मी काशी केली होती. सासऱ्यासंगं, आगगाडीत बसून. आमच्या गावच्या बाया तवा सोनाळ्याच्या बाजारापलीकडं गेल्या नव्हत्या. म्हणून कोणाले शेगावच्या ठेसनावरून गाडी धराची असली, का तो आधी माह्या ओट्यावर येये. खिडकीपाशी बसू नका, डोळ्यात कोळसा जाते. गाठोडं डोक्याखाली नका घेऊ, बुडाखाली घ्या. मी सांगो अन् लोकं माना हालवत. पूर्णाकाठच्या आमच्या गावात तानूबाईचा शब्द म्हणजे शब्द होता. अन् मंग भिंतीपलीकडची खुर्शीदा जहाजात बसून आली.

खुर्शीदा म्हणजे बद्रुद्दीन पिंजाऱ्याची बायको. तिच्या अन् माह्या घरात एकच मातीची भिंत. नवरा कापूस पिंजे अन् ही गाद्या-रजया शिवे. बुटकी बाई, भिवयांत सदा कापसाचं फूल अडकेल, अन् बोलणं असं संथ का ऐकणाऱ्याले डुलकी लागावी. दोघा नवराबायकोनं लय सालं पोटाले चिमटा देऊन हजले जाची तयारी केली. निघाच्या आधी ती कोणापाशी आल्ती? माह्यापाशी! "तानूबाई, रेलगाडीत कसं बसू वं?" म्हणे. मी सारं सांगतलं. दशम्या बांधून देल्या. तिले गाडीत बसाले शिकवलं मी, अन् सहा-सात महिन्यांनं आली ते जहाजाची मास्तरीण होऊन! सांगा बाप्पा, जीव जळन का नाही?

आमचं वऱ्हाड तवा नागपूरच्या सायबाकडं जोडल्याले काही सालं झाली होती. हजले जाणारे लोकं दरसाली निघत, कोणी मलकापूरचे, कोणी जळगावचे, कोणी तं वरून बुलढाण्याहून बैलगाडीनं येत. सारे खुर्शीदाच्या ओट्यावर. माह्या ओट्यावर कुत्रं झोपे. आमच्या हिंदू बाया बी, ज्याईले तळ्यातल्या होडीत बसाचं नव्हतं, त्या बी तठी जाऊन "मंग काय झालं वं, खुर्शीदा?" करत. काशीत गंगा हाय, हे जसं साऱ्या गावाले इसरूनच गेलं.

मी काही ऐकाले जात नव्हती. भिंतच पातळ होती. शेंगा फोडता फोडता कानावर पडे, आता कान काय कापून ठेवू?

ती म्हणे, जहाजात चढल्या चढल्या जागा धरा. शिडीपाशी नका धरू, साऱ्या जहाजाचे पाय तुमच्या अंगावरून जातीन. चुलीपाशी नका धरू, अन् टोकाले तं मुळीच नका, टोक पाळण्यावाणी वरखाली होते. मधात सतरंजी टाका. गाठोड्याले एका रंगाचं ठिगळ लावा, मुंबईच्या धक्क्यावर सारी गाठोडी सारखीच दिसतात. ठिगळ ती सोताच लावून दे, रजईच्या चिंधीचं, लाल. मळमळ सुटली तं निजू नका, उपाशी राहू नका. सुकी भाकर कुरतडा, निंबाचं लोणचं चाटा, अन् नजर खाली पाण्यावर नका ठेवू, लांब जठी आभाय टेकते तठी ठेवा. भांड्याले दोरी बांधा. सिदोरीत फुटाणे न्या, तुरीची दाळ नेऊ नका.

दाळीचं आलं का लोकं हासत, कारण तठी तिची मोठी गोष्ट होती. ती गोष्ट माह्या मस्तकात जाये.

आमच्या गावचं पाणी खारं. विहिरीत खारं, नदीच्या झऱ्यात खारं. परगावचा पावणा एक घोट घेऊन तोंड वाकडं करे, अन् आम्ही तांबेच्या तांबे रिचवो. दाळ तेवढी त्या पाण्यात शिजत नाही, तिच्यासाठी डोंगराकडून गोड पाणी बैलगाडीवर आणा लागे. पण पिण्याले आम्हाले खारंच गोड. याची आमच्या गावाले घमेंड होती, अन् मले तं सगळ्याईहून जास्त.

तं खुर्शीदा सांगे, का जहाजात पिण्याचं गोड पाणी रोज मापानं मिळे. हे दोघं म्हणाले, आपण खाऱ्या पाण्याची माणसं, समुद्र बी खाराच, आपल्याले काय धाड भरते? वाटणीचं आर्धं पाणी बाजूच्या सुरतेच्या बाईले देऊन टाकलं. मंग बद्रुद्दीननं दोरीनं बालटी सोडली, समुद्राचं पाणी वर ओढलं, उरलेलं गोड पाणी वाचवाले त्याच्यातच दाळ शिजाले टाकली अन् वरून एक कटोराभर पेला बी. दाळ गोट्यावाणी राह्यली. अन् बद्रुद्दीन असा ओकला का आतडे बाहेर येतीन. जीभ सुजली, डोळे पांढरे झाले. त्या सुरतेच्या बाईनंच मंग तिचं पाणी पाजून त्याले जगवलं. "म्हणून सांगते," खुर्शीदा म्हणे, "आपल्या विहिरीचा भरोसा समुद्रात नका धरू."

मी भिंतीकडं तोंड करून म्हणो, "थापा मारते मेली! मीठ ते मीठ. तुहा नवरा कवळा, त्याच्यापायी आमच्या पाण्याची काय बदनामी करतं?" तिकडून ती शांतपणे म्हणे, "ये ना वं तानूबाई, अठी बसून ऐक." मी काऊन जाईन? माहं काय अडलं होतं!

अन् वापस येतानाची एक गोष्ट ती नेमानं सांगे, दुसऱ्यांदा चाललेल्या हाजीले बी. "धक्क्यावर उतरले का कुठी थांबू नका. कोणी हार घातला, जेवाले बलावलं, नाही म्हणा. सीधे घरी या, अन् घरी बी आधी मायचं दार." ते तिचं दुखणं होतं. मलकापूरच्या सोयऱ्याईनं तिले मुंबईहून येता येता ठेवून घेतलं, मानपान केला, अन् इकडं तिची माय वाट पाहू पाहू गेली. खुर्शीदा पोचली तवा मातीही वाळली होती. हे सांगताना तिचा आवाज तेवढा संथ राहत नव्हता. मी मात्र तवाही म्हणो, घ्या, आता रडूनबी गर्दी जमवते.

असं सारं चाललं होतं, अन् समुद्रापल्याड बसऱ्याकडं सरकारची लढाई लागली. खच्चरं हाकाले माणसं पाह्यजेत म्हणून शेगावले भरती सुरू झाली, अन् माहा निवृत्ती तठी नाव देऊन आला. माहा एकुलता एक. घोड्यासारखा गडी, बैलाईवर लय जीव. मले न विचारता देलं नाव. मी छाती बडवून घेतली. तो म्हणे, "माय, आता शब्द देला. जहाजानं जा लागते." मंग म्हणे, "खुर्शीदाखालाले इचारून येतो, कसं काय असते ते." तिले तो लहानपणापासून खाला म्हणे, म्हणजे मावशी.

माह्या अंगाचा तिळपापड झाला. त्याले दुधावर मी वाढवलं, गोवरात रात्री मी जागली, अन् आता मरणाच्या वाटेवर जाताना शब्द नेणार तिचा? "खबरदार!" म्हटलं. "ती काय तुही माय हाय? बस अठी. मी सांगते."

अन् मी सांगतलं. जागा मधात धर. शिडीपाशी नको, टोकाले नको. सुकी भाकर, निंबाचं लोणचं. नजर लांब. भांड्याले दोरी. एका दमात, एक बी न चुकता. निवृत्ती पाहतच राह्यला. "माय, तुले हे कसं माहीत वं?" म्हणे.

"मी काशी केली हाय," म्हटलं.

त्यानं इचारलं, "अन् पाण्याचं कसं? खाला तं म्हणते का..."

"खालाले घाल चुलीत! आपण खाऱ्या पाण्याचे. जन्म गेला आपला खारं पिण्यात. गोड पाणी मिळो न मिळो, तू समुद्राचं पे खुशाल. तिचा नवरा नाजूक होता."

भिंत पातळ होती, हे मी सांगतलंच. पण पातळ भिंत दोहीकडून पातळ असते, हे त्या दिवशी माह्या ध्यानात आलं नाही. पलीकडं पिंजण चालू होतं, ते थांबलं. बस, तेवढंच.

निघाच्या सकाळी सारा गाव आमच्या दारात. मी निवृत्तीच्या हातावर दही ठेवलं, विहिरीचं ताजं पाणी तांब्यात भरून दारात ठेवलं, वाटेवर सांडाले. तेवढ्यात खुर्शीदा गर्दीतून पुढं आली. मूठ आवळेल. सीधी तांब्यापाशी आली अन् मूठ त्याच्यात मोकळी केली. मीठ!

"अवं माय!" मी वरडली. "लेकराच्या शकुनात मीठ टाकतं? डाकीण कुठली!"

ती म्हणे, "पाणी तुहं, तांब्या तुहा, बाटाचं काही नाही. समुद्र एवढाच खारा असते, तानूबाई. त्याले एक घोट घेऊ दे. मंग त्याचं तो ठरवन."

निवृत्तीनं हात पुढं केला. मी म्हटलं, आता यानं तोंड वाकडं केलं का मी साऱ्या गावात खोटी पडली. तांब्या मीच हिसकावला. "माह्या लेकाले काऊन? मीच पेते! पाहा रे, पाहा आमच्या गावचं पाणी!" अन् लावला तोंडाले. एक घोट, दुसरा, तिसरा. घशात आग लागली, डोळ्यातून धारा. तरी म्हणाली, "काही नाही. गोडच हाय."

एवढं म्हणलं अन् तठीच, माह्याच दारात, भडाभडा ओकली. दही, भाकर, सारं. कोणीतरी फिसकन हासलं. निवृत्ती माही पाठ चोळत होता. त्याच्या डोळ्यात हासू नव्हतं. त्यानं खाली वाकून तांब्यातलं उरलं पाणी बोटावर घेतलं, जिभेले लावलं अन् खुर्शीदाकडं पाहून मान हालवली. खुर्शीदानं मंग त्याच्या गाठोड्याले लाल ठिगळ लावलं, चार टाके घालून. मी उंबऱ्याले टेकून पाहत होती. माह्या तोंडातली ती खारी चव तीन दिवस गेली नाही. गेला माहा लेक, तो तिचा शब्द घेऊनच गेला.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात, कापूस वेचणी चालू असताना, वेशीतून पोरं वरडत आली, निवृत्ती आला, निवृत्ती आला. मी भाकरीचा तुकडा अन् पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राह्यली. गल्लीच्या तोंडाले तो दिसला. काळा पडला, वाळला, पण चालते तसाच, बैल हाकल्यावाणी. पाठीवर गाठोडं, अन् त्याले तेच लाल ठिगळ.

वेशीकडून येताना आधी खुर्शीदाचं घर लागते, मंग आमचं. तो तिच्या ओट्यापाशी थांबला. मी इकडं भाकर घेऊन उभी, अन् तो तिच्या पायाशी वाकाले चालला. माह्या काळजाची तं चिंधी झाली. दोन सालं देवाले हात जोडू जोडू माहे हात झिजले, अन् पहिला पाया तिले!

खुर्शीदा रजई टाचत बसली होती. सुई टाकून उभी राह्यली. वाटलं, आता गळ्यात पडते. पण तिनं हात आडवा केला. "थांब!" म्हणे. "पाय नको ठेवू माह्या ओट्यावर. मी काय सांगत असो? आधी मायचं दार. मायचं दार सोडून कोणाचं नाही." अन् आत गेली, फटकन दार लावलं अन् कडी घातली. त्याचं तोंडबी धड पाह्यलं नाही तिनं.

मंग तो माह्याकडं आला. मी भाकर ओवाळून टाकली, पायावर पाणी घातलं, अन् त्याचं डोकं छातीशी धरून जे रडली ते रडली. पण रडता रडता बी पोटात एक कुसळ टोचतच होतं, का हा आला तो बी तिनं धाडला म्हणून. माहा लेक मलेच देल्ला तिनं, अन् देल्ला तो असा का मले नाही म्हणता येईना.

घडीभरानं भिंतीपलीकडून आवाज आला, हळूच. "तानूबाई, पोरगं लय वाळलं का वं?"

मी नाक पुसलं. म्हटलं, "ये अन् पाह्य. पण बसशीन तं माह्या ओट्यावर."

ती आली. मागून सारा गाव आला. किती सालानं माहा ओटा भरला होता! मी निवृत्तीले गुळाचा खडा देला अन् ऐटीत म्हटलं, "सांग रे आता साऱ्याईले, कसं होतं जहाज." तो सरळ खुर्शीदाकडं वळला.

"खाला," म्हणे, "तुह्या तांब्यातलं पाणी अन् समुद्राचं पाणी, चव एकच निघाली वं. आमच्यातले दोन गडी पेले अन् गेले. मी नाही पेलो."

बाया हळहळल्या. खुर्शीदानं पदरानं डोळे पुसले. अन् मी तठीच बसून, माह्याच ओट्यावर. तांब्या माहा होता! पण हे कोणी म्हणन तं शपथ.