बेरी भरलेला केक

आमच्या धुळ्याच्या घरात स्वयंपाकघर अक्काचं होतं. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली आणि आईवेगळ्या धाकट्या भावाला तिनंच वाढवलं. माझी आई जळगावहून लग्न करून आली, ती या राज्यात भाज्या निवडायला आणि भांडी विसळायला. फोडणी अक्काच देणार, कणीकही अक्काच मळणार. आई कढईकडे वळली की अक्का म्हणायची, "तू ऱ्हाऊ दे." आई राहू द्यायची आणि माजघरात येऊन माझ्या वेण्या जरा जास्तच घट्ट घालायची.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा मागच्या गल्लीतल्या एका बाईंनी केकचा क्लास काढला. आई तिथं जाऊन शिकून आली आणि जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, "यंदा हिच्या वाढदिवसाचा केक मी घरीच करणार." वाढदिवस माझा असला तरी हट्ट तिचा होता. केकही काही साधासुधा नाही. चॉकलेटचे दोन थर, मध्ये बटरक्रीम. क्लासमध्ये त्याला सँडविच केक म्हणत. मी भीतभीत अक्काकडे पाहिलं.

"मना सैपाकघरमा अंडं नको," अक्का म्हणाली. बस, एवढंच. त्या एका दुपारपुरतं स्वयंपाकघर आईला मिळालं होतं, आणि आईचा चेहरा असा फुलला की मलाच लाज वाटली.

क्लासच्या बाईंकडून झाकणाला काच असलेला गोल ओव्हन मागून आणला. अंड्याऐवजी डब्यातलं घट्ट दूध घातलं. लाइट गेली नाही, हे धुळ्यात नवलच. दोन्ही थर छान फुलले, घरभर कोकोचा वास सुटला. क्रीमसाठी बिनमिठाचं बटर गावात मिळेना, म्हणून आईनं साय साठवून घरचंच लोणी काढलं होतं. ते थंड पाण्यात धुऊन, पिठीसाखर घालून तिनं हात दुखेपर्यंत फेटलं. पांढरंशुभ्र, हलकं झालं. पण मार्च महिना, आमच्याकडचं ऊन, आणि घरात फ्रीज नाही. क्रीम पातळ व्हायच्या आत बर्फ हवा होता. पातेलं ओट्यावर ठेवून आई शेजारी बर्फ मागायला गेली. मी बाहेरच्या खोलीत रंगीत कागदाच्या पट्ट्या चिकटवत बसले होते.

जळक्या साखरेचा वास आला तशी मी आत धावले. पाठोपाठ आईही, हातात बर्फाचं भांडं. गॅसवर पातेलं रटरटत होतं आणि अक्का शेजारी उभी राहून उलथन्यानं ढवळत होती.

"अक्का, हे काय केलंत!"

"लोणी उघडं पडेल व्हतं. खराब व्हई जातं. म्हनीसन कढावाले ठेवं."

लोणी उरलेलं दिसलं की कढवून तूप करायचं, हे तिनं आयुष्यभर केलं होतं. पण ही तर साखर घालून फेटलेली क्रीम! आईनं गॅस बंद केला. वर तूप तरंगत होतं, खाली तपकिरी गोड चिकट साका. आईचे डोळे भरले. "एक दिवस मागितला होता अक्का मी. एकच दिवस," ती म्हणाली. इतकं मोठ्यानं ती अक्काशी कधीच बोलली नव्हती.

मला वाटलं, आता अक्का भडकणार. अक्का खाली बसली.

"माले दिसत नई व बाई. पांढरं तेवढं दिसस. कोनले सांगू नको. सैपाकघर गयं त मना काय काम ह्या घरमा?"

बर्फाचं पाणी आईच्या पायावर ठिबकत होतं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, तूप ओतून वेगळं केलं आणि तळाची ती साखरेची बेरी गरम असतानाच केकच्या थरावर पसरली. वर दुसरा थर दाबला. माझ्या मैत्रिणींनी बोटं चाटत तो केक संपवला. शहरातली क्रीम अशीच असते, अशी त्यांची समजूत झाली आणि मी ती होऊ दिली.

अक्काच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण ते बरंच पुढे. केकनंतरच्या सोमवारपासून आई गॅसजवळ उभी राहू लागली. अक्काचे खांदे दुखतात, असं तिनं बाबांना सांगितलं. इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळालं होतं, तर पहिल्याच दिवशी वरण उकळत असताना ही हाक मारते, "अक्का, मीठ तुम्हीच घाला. मला अंदाज येत नाही."

अक्का भिंत धरत धरत आली. माझं डोकंच फिरलं. "आई, तुला येतो की अंदाज!" मी म्हटलं.

आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून आठवतो. "हळू बोल," ती कुजबुजली, "त्यांना दिसत नाही. ऐकू येतं."