मुक्कामी गाडीच्या गावाला

निवृत्त बाई म्हणजे घरादाराच्या लेखी रिकामटेकडी. जबलपूरहून मामांचा फोन आला, "शोभा, तू ये. एका गावाले जाऊन यायचं आहे, एकट्यानं जमत नाही आता," तेव्हा माझ्या दोन्ही मुलांनी एका सुरात सांगितलं, "जाऊन ये ना आई, तुला काय काम आहे!" नागपूरहून सकाळची बस धरली. सिवनीच्या पुढे माझे गुडघे आणि बसची खिडकी, दोघांनीही एकदमच कुरकुर सुरू केली. दीक्षितपुऱ्यात मामांच्या घरी पोचले तेव्हा मला कोणत्याच गावाला जायचं नव्हतं, नुसतं आडवं व्हायचं होतं.

मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उभी हयात सरकारी बसचं स्टिअरिंग धरलं. माझे आजोबा विदर्भातून इकडे कामाला आले नि इथलेच झाले, त्यामुळे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. मामी आता जिना उतरत नाहीत. त्यांनी वरण-भात आणि ताज्या मटाराची उसळ वाढली. थंडीत इथं मटार खाऊन खाऊन माणूस हिरवा व्हायचा बाकी राहतो.

जेवताजेवताच मामांनी गोष्ट काढली. पनागरच्या पलीकडच्या एका गावात त्यांची गाडी मुक्कामी असायची. म्हणजे संध्याकाळची शेवटची फेरी तिथं थांबणार, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपणार आणि पहाटे सहाला तीच गाडी जबलपूरला निघणार. गावाचं नाव मी लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. झोपायला गावचे पटेल आपली ओसरीलगतची खोली देत. गावात घड्याळं दोन-तीनच. म्हणून रीत अशी, की ड्रायव्हरनं निघण्याआधी तीनदा भोंपू (हॉर्न) वाजवायचा. पहिल्याला उठायचं, दुसऱ्याला घरातून निघायचं, तिसऱ्याला गाडी हलायची.

"एक दिवस मी वाजवलाच नाही," मामा म्हणाले. "पटेलाच्या सुनेचं चार दिवसांचं लेकरू होतं. रातभर रडलं. पहाटे कुठं डोळा लागला त्याचा. ती भिंतीआडून म्हणाली, भैया, आज भोंपू मत बजाना. मला वाटलं, रोजचे लोक तर येतातच, एक दिवस नाही वाजला तर काय होते? मी अन् कंडक्टरनं गाडी ढकलत उतारापर्यंत नेली अन् मग चालू केली."

रोजचे लोक सवयीनंच आले, भोंपू वाजला की नाही हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. सुशीला नावाची सतरा-अठरा वर्षांची पोरगी आली नाही, कारण ती रोजची नव्हती. मास्तरीण व्हायच्या परीक्षेला तिला जबलपूरला पोचायचं होतं. पुढची गाडी दुपारी. परीक्षा बुडाली. पुढच्या वर्षी बापानं पाठवलं नाही, लग्न करून टाकलं.

"मग संध्याकाळी तिच्या बापानं विचारलं मला, भोंपू बजाया था? नोकरी कच्ची होती माझी. रपोट झाली असती. म्हटलं, बजाया, तीनों बार. कंडक्टरनंही मान हलवली. सगळे पोरीवर हसले. परीक्षेच्या दिवशी झोपून राहिली म्हणून."

"मला तेव्हापासून हेच सांगून राहिले," मामी ताटातून मान वर न करता म्हणाल्या. "मला काहून सांगता? तिले सांगा ना!"

खरं सांगते, मला राग आला. याच्यासाठी मला आठ तास हिंदकळत आणलं? म्हटलं, "मामा, चाळीस वर्षं पोटात ठेवलंत, आता पोटातच राहू द्या. ती बाई विसरलीही असेल."

मामा म्हणाले, "मागच्या हप्त्यात त्या गावचा भाजीवाला भेटला खाली. मी पुसलं, सुशीला कशी आहे? तर तो म्हणते, कौन, वो नींदवाली (झोपाळू)? साठीची झाली ती, शोभा. अजून तेच नाव आहे तिचं."

मी सकाळच्या गाडीची वेळ विचारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सराफ्यातून चालत निघालो. मी पोहे आणि खोव्याची जलेबी खाल्ली. प्रवासवर्णन लिहायचं तर हे लिहायलाच हवं, ती गरम जलेबी खाताना दोन मिनिटं मी दोन्ही गुडघे विसरले. मामांनी चहासुद्धा अर्धा टाकला.

बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागे बसले आणि तो ब्रेक मारेल तेव्हा तेव्हा आपला उजवा पाय दाबत राहिले. पनागर गेल्यावर कंडक्टरला म्हणाले, "भैया, पक्का मकान पर उतार देना."

कंडक्टर पोरगेलासा होता. हसून म्हणाला, "दादा, कौन सा पक्का मकान? अब तो सब पक्के हैं!"

मामांच्या काळात त्या सगळ्या रस्त्यावर विटा-सिमेंटचं घर एकच, म्हणून थांब्याचं नावच ते पडलेलं. आता नवा रुंद रस्ता गावांना बगल देऊन जातो, जुनी वळणं कंडक्टरला ठाऊकच नाहीत. त्यानं अंदाजानं आम्हाला एका पुलाखाली सोडलं. तिथून गाव चांगलं अर्ध्या तासाचं. चला आता! मी मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार केला, मुलांचा आधी.

दोन्ही बाजूंना मटाराची शेतं, तोडणी चाललेली, बांधावर गोणी उभ्या. मामा चालताचालता दाखवत होते. इथं तेव्हा सगळी मातीची घरं, शेणानं सारवलेली, वर खपरैल (कवेलूंचं छप्पर). पावसाआधी कवेलू फेरायचे दिवस आले की कुंभाराकडचे नवे कवेलू बसच्या टपावर लादून यायचे. "एकही फुटू दिला नाही मी," ते म्हणाले. "खड्डा दिसला की बैलगाडीसारखी चालवायचो." आता जिकडेतिकडे सरकारी घरकुलं, दोन खोल्या आणि वर स्लॅब. पण बहुतेकांनी मागचं मातीचं घर पाडलेलं नाही. उन्हाळ्यात स्लॅबखाली भाजून निघतात, मग दुपारी सगळे मागच्या जुन्या घरातच लवंडतात, गाई-म्हशींच्या शेजारी.

सुशीला बापाची एकुलती एक, म्हणून घरजावई आणलेला, त्यामुळे ती त्याच गावात राहिली. नवरा आता नाही. अंगणात ती मटार सोलत बसली होती. मामांकडे बघून डोळे बारीक केले आणि म्हणाली, "डिरेवर कक्का? अरे राम! आओ, बैठो."

पाणी आलं, चहा आला. मामा छपरावर बोलले, म्हशीवर बोलले, मटाराच्या दाण्यावर बोलले. बोलायचं ते सोडून सगळ्यावर बोलले. मी कोपरानं ढोसलं. तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"बिटिया, उस दिन मैंने भोंपू नहीं बजाया था."

कोणत्या दिवशी, असं तिनं विचारलं नाही. सोलणारे हात थांबले. "एक भी बार नहीं?"

"एक भी बार नहीं. तुम्हारे बाबूजी से झूठ बोला मैंने."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग हळू म्हणाली, "मैं तो जाग रही थी कक्का. साड़ी पहन के, थैला लेके बैठी थी. फिर सबने इत्ता कहा, इत्ता कहा, कि मुझे भी लगने लगा, आँख लग गई होगी."

मला वाटलं आता रडेल, नाहीतर शिव्या घालेल. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, ऐकून आम्ही सुटलो असतो. ती पदर झटकून उठली आणि आत हाक मारली, "बहू! इधर आ." सून पीठभरल्या हातांनी बाहेर आली. सुशीला मामांना म्हणाली, "कक्का, फिर से बोलो."

मामांनी पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून.

मग ती आम्हाला समोरच्या घरी घेऊन गेली. ते पटेलांचं; सुशीलाच्या बापाचं घर तेव्हा गावाच्या पार टोकाला होतं. ती लेकुरवाळी सून आता वाकलेली म्हातारी झाली होती. ओट्यावर उन्हात बसली होती. मामांनी तिसऱ्यांदा सांगितलं. म्हातारीनं मान खाली घातली. "मैंने ही कहा था इनसे," ती पुटपुटली. "लल्ला सोया था."

सुशीला तिच्याकडे बघतच राहिली. "सामने रहती हो. रोज राम-राम करती हो." एवढंच बोलली आणि पुढे चालू लागली. आवाज चढला नाही. 

थांब्याजवळच्या दुकानापुढे चार-पाच म्हातारे उन्हं खात बसले होते. तोवर मामांचा आवाज बसला होता. मी म्हटलं, "अहो ताई, थकले ते, आता पुरे." मराठी तिला कळली असावी. तिनं दुकानातला स्टूल आणून मामांपुढे ठेवला, पाणी दिलं आणि वाट बघत उभी राहिली. मामा स्टुलावर बसले नाहीत. त्याला धरून उभे राहिले आणि चौथ्यांदा बोलले.

एक म्हातारा तंबाखू चोळत म्हणाला, "अब का फरक पड़त है, इत्ते साल बाद?"

"हमें पड़त है," सुशीला म्हणाली.

कोणी हसलं नाही. टेंपोतून आम्ही पनागरला आलो, तिथून बसनं जबलपूर. मामा डोळे मिटून बसले होते. मी आयुष्यभर 'माफ करा' हा शब्द पैशाला पासरी वापरला, ऑफिसात, घरात, धक्का लागला तरी. तो म्हटला की आपलं काम झालं, अशीच माझी समजूत होती. त्या बाईला तो शब्द नकोच होता. तिला तिची ती पहाट परत हवी होती, साक्षीदारांसह. 

घरी पोचलो. मामी दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. "काय म्हणाली ती? माफ केलं?"

मामा चप्पल काढता काढता भिंतीला टेकले.

"ती काहीच नाही म्हणाली," ते म्हणाले. "माझ्याच तोंडून म्हणवून घेतलं. चार वेळा."